बिहेवियरल सायन्स शिकायचंय? आधी कचऱ्याच्या ड्रमपाशी उभे राहा

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट. मीटिंगमध्ये विचारलं की ओला-सुका कचरा कोण कोण वेगळा करतं तर सगळे हात वर. सकाळी पावणेआठला कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना हेच विचारा, त्या नुसत्या हसतात, हातमोजे चढवतात आणि ड्रम आडवा करतात, मग त्यातून काय काय बाहेर येतं ते आपण बघायचं. मीटिंगमधले हात आणि ड्रममधला कचरा यांच्यात जो फरक आहे ना, तो मोजणं, तो का पडतो ते शोधणं आणि जमलंच तर कमी करणं, हे काम जी माणसं करतात ते बिहेवियरल सायंटिस्ट. मराठीत वर्तनशास्त्रज्ञ असा शब्द आहे पण रोजच्या बोलण्यात मी तरी तो ऐकलेला नाहीये.

मला अधूनमधून मेसेज येतात, ताई हे फील्ड कसं आहे, कुठला कोर्स करू, काय वाचू. कोर्सचं शेवटी सांगते. आधी एक काम घरबसल्या (म्हणजे खरं तर घराबाहेर उभं राहून) करून बघा, असाच एखादा फरक आपल्या आसपास स्वतः मोजायचा, महिना-दीड महिना जाईल, खर्च वहीपेनाचा, आणि त्यानंतर तुम्हालाच कळेल की हे आपल्याला झेपतंय की नाही.

सुरुवातीलाच दोन गैरसमज काढून टाकते. चेहरा बघून खोटं ओळखणं हे आमचं काम नाही, लग्नकार्यात मामा-मावश्या हटकून विचारतात म्हणून सांगतेय. आणि आम्ही समुपदेशक पण नाही, त्याचं शिक्षण वेगळं, कोणी त्रासात असेल तर त्याला तिकडेच पाठवायचं, आपण डॉक्टरकी करायची नाही. आपल्याकडे येतात ते प्रश्न असे की टीबीच्या गोळ्या बरं वाटायला लागल्यावर लोक मधेच का सोडतात, हेल्मेट हँडलला अडकवून लोक का फिरतात, पगारातून पैसे बाजूला टाकायचं दर महिन्याला ठरवूनही का जमत नाही. यात मानसशास्त्र येतं, अर्थशास्त्र येतं, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि भरपूर आकडेमोड. डॅनियल कानेमन हे मुळात मानसशास्त्रज्ञ, त्यांना २००२ चं नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं, आणि रिचर्ड थेलर अर्थशास्त्रज्ञ, त्यांना २०१७ मध्ये मिळालं ते माणूस हिशेबाप्रमाणे वागत नाही हे अर्थशास्त्रात शिरवल्याबद्दल. सगळी कुंपणं अशी मोडकीच आहेत, त्यामुळे "मी तर कॉमर्सची" वगैरे म्हणून मागे सरू नका.

पायरी १: एकच वागणं निवडा, आणि ते मोजता येईल असं लिहा

नवीन मुलं इथेच अडकतात. विषय काय तर "स्वच्छतेबद्दल जागरूकता". जागरूकता दिसते कुठे? डोळ्यांना दिसेल आणि दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी आकडा साधारण तोच येईल, अशी एखादी क्रिया हवी. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा एमएच्या दुसऱ्या वर्षाला होते, मी वहीत लिहिलं, "सुक्याच्या डब्यात ओला कचरा दिसला: हो / नाही". मला वाटलं झालं, किती सोपं.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका डब्यात दुधाची पिशवी निघाली, आणि पिशवीत चहाचा चोथा भरून वर गाठ मारलेली. आता हे ओलं की सुकं? पिशवी सुकी, चोथा ओला, आणि त्या घरातल्या बाईंच्या मते तर त्यांनी चोथा छान "पॅक करून" टाकला होता, म्हणजे जास्तीची काळजीच घेतली होती. मी "हो" लिहिलं, सोबत मोजायला आलेल्या मैत्रिणीने "नाही" लिहिलं. त्या दिवशी आमचे दोघींचे आकडे ११ घरांच्या बाबतीत जुळले नाहीत. मग संध्याकाळी बसून नियम लिहिले: चोथ्याची पिशवी म्हणजे ओलं, पिझ्झाचा तेलकट खोका म्हणजे ओलं, अंड्याची टरफलं ओलं, नारळाची शेंडी... नारळाच्या शेंडीवर आम्ही अर्धा तास भांडलो. हे भांडण म्हणजे टाइमपास वाटेल पण हाच अर्धा अभ्यास आहे, दोन मोजणाऱ्यांचं किती जुळतं याला रीतसर मोजमाप आहे, कोहेनचा कप्पा म्हणतात, आणि ते न देता नुसती टक्केवारी दाखवली तर कुठलाही गाईड वही परत करतो.

पायरी २: काहीही बदल न करता निदान दोन आठवडे नुसतं मोजा

कंटाळवाणं आहे, माहितीये. पण "आधी काय होतं" हे नसेल तर "नंतर सुधारलं" कशावरून म्हणणार.

यात एक गोची आहे. तुम्ही वही घेऊन उभे राहिलात की लोक मुद्दाम नीट वागतात. पहिले चार दिवस आमच्या सोसायटीसारखी आदर्श सोसायटी पुण्यात नव्हती. याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात, शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यावरून, तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग चालले होते, आणि सांगतात ते असं की दिवे वाढवले तरी कामगारांचं काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, कारण आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय. गंमत म्हणजे नंतर लोकांनी तो जुना डेटा उकरून पुन्हा तपासला तेव्हा गोष्टीत सांगतात तितका ठळक परिणाम त्यात निघाला नाही. म्हणजे नाव राहिलं, पुरावा लंगडा. तरी व्यवहारात सल्ला तोच, पहिला आठवडा मोजा आणि बाजूला ठेवा, लोक तुम्हाला कंटाळले की खरी मोजणी सुरू.

पायरी ३: मग विचारा, पण "का" विचारू नका

"तुम्ही कचरा वेगळा का करत नाही?" असं विचारलं की माणूस एकतर ओशाळतो नाहीतर चिडतो, दोन्हीत उत्तर खोटंच मिळतं. त्यापेक्षा काल काय झालं ते सांगायला लावायचं.

मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना म्हटलं, "काकू, काल रात्री जेवणं झाल्यावर ओटा आवरलात ना, तिथून डबा बाहेर ठेवेपर्यंत काय काय केलंत ते सांगा ना मला."

"आता त्यात काय सांगायचं गं? ताटं घासायला टाकली, खरकटं डब्यात टाकलं, डबा दाराबाहेर."

"कुठल्या डब्यात?"

"कुठल्या म्हणजे? एकच तर मावतो. दिवाळीत किचनचं काम केलं ना आम्ही, सिंकखाली ट्रॉली बसवली, तिच्यात एकच डबा बसतो. दुसरा बाल्कनीत आहे, पण रात्री बाल्कनी उघडली की डास येतात."

बघा, ट्रॉली आणि डास! सहा महिने सेक्रेटरी "जनजागृती" करत होते आणि काकूंना पर्यावरणाचं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधी चौकट मांडली, कॉम-बी म्हणतात तिला: एखादं वागणं घडायला तीन गोष्टी लागतात, येत असलं पाहिजे, तशी सोय असली पाहिजे आणि इच्छा असली पाहिजे. आपण सगळे पहिल्यापासून तिसऱ्याच गोष्टीवर तुटून पडतो, लोकांना समजवा, लोकांना लाजवा. प्रत्यक्षात बऱ्याचदा घोडं मधल्या सोयीवर अडलेलं असतं.

आठ-दहा घरी असं बोललात तरी पुरे. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, स्वतःच्या पुस्तकी भाषेत वळवू नका. काकूंचं "डास येतात" तुम्ही "पर्यावरणीय अडथळे" असं लिहिलंत की संपलं, मग उपाय सुचत नाही.

पायरी ४: उपाय करण्याआधी आधीचे लोक काय करून बसलेत ते बघा

या पायरीला वेळ द्या, नाहीतर दुसऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी केलेली चूक आपण नव्याने करतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. वडाळा स्टेशनजवळ रूळ ओलांडताना माणसं मरत होती, ते धोक्याचं आहे हे ओलांडणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, बोर्ड होते, दंड होता. २०१० च्या आसपास फायनल माइल नावाच्या मुंबईच्या गटाने मध्य रेल्वेबरोबर तिथे प्रयोग केला. त्यांचं म्हणणं असं की मोठी वस्तू आपल्याला प्रत्यक्षापेक्षा हळू येतेय असं वाटतं, लोकलचा वेग डोळ्यांना नीट कळतच नाही. म्हणून त्यांनी रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, गाडी एकेक पिवळा पट्टा झपाझप गिळत येताना दिसली की मेंदूला वेग कळतो. मोटरमनने एकच लांब शिटी न मारता दोन तुटक शिट्या मारायच्या, कारण मधल्या शांततेने कान टवकारतात. आणि काठीसारख्या माणसाच्या चित्राऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या किंचाळत्या चेहऱ्याचा मोठा फोटो. यात कोणाला काही "समजावलेलं" नाही, मला हे आजही जाम आवडतं.

दुसरं उदयपूरचं. तिथे लसीकरण फुकट असूनही मुलांना सगळ्या लसी पूर्ण मिळत नव्हत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी सेवा मंदिर संस्थेबरोबर १३४ गावांत अभ्यास केला, निकाल २०१० मध्ये छापून आले. गावांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट, एका गटात काहीच नवीन नाही, दुसऱ्यात दर महिन्याला न चुकता लसीकरण शिबिर, तिसऱ्यात शिबिर आणि वर प्रत्येक लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की स्टीलच्या थाळ्या. पूर्ण लसीकरण झालेली मुलं पहिल्या गटात ६ टक्के, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात ३९. आता कोणी म्हणेल डाळ वाटणं महाग. उलट एका लसीमागचा खर्च डाळवाल्या गावांत निम्म्यावर आला, कारण नर्सचा दिवसाचा पगार तेवढाच, आणि मुलं जास्त आली. पण हेही बघा की ३९ म्हणजे अजून ६१ राहिलीच. डाळीने जादू झाली असं सांगणाऱ्या माणसापासून जरा जपून.

आता सोसायटीवाल्यांच्या दोन आवडत्या उपायांकडे या. पहिला दंड. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा अभ्यास २००० मध्ये छापला गेला, मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे म्हणून त्यातल्या ६ ठिकाणी दंड लावला, तर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही कमी झाले नाहीत. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटायचा, आता पैसे मोजले की झालं. आमच्याकडे शंभर रुपये दंड सुचवला तेव्हा एक वहिनी पटकन म्हणाल्या, "महिन्याचे आगाऊ देऊन ठेवू का?"

दुसरा उपाय म्हणजे ग्रुपवर मेसेज. "वारंवार सूचना देऊनही अनेक सभासद कचरा वर्गीकरण करत नाहीत ही अत्यंत खेदाची बाब आहे." हा मेसेज महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत गेलेला आहे बहुतेक. यातून वाचणाऱ्याला काय कळतं? की अनेक जण करत नाहीत, म्हणजे मी एकटा थोडीच आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात, तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. "अनेकांनी तुकडे नेले त्यामुळे उद्यानाचं रूप पालटलं" अशा फलकाजवळ आधी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गेले, आणि "कृपया नेऊ नका" या साध्या फलकाजवळ २ टक्क्यांच्याही आत. याच्या उलट हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याबद्दलच्या अभ्यासात (तो २००८ चा) पर्यावरण वाचवा असं लिहिलं तेव्हा ३५ टक्के पाहुण्यांनी वापरला, आणि बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात असं लिहिलं तेव्हा ४४. तेव्हा सेक्रेटरी काका, खेद कमी करा.

जाता जाता, मुंबई पोलिसांचा तो सिग्नल आठवतोय का, २०२० च्या सुरुवातीला व्हिडिओ फिरला होता, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. बघायला भारीच होता. मला त्यात प्रश्न पडतो तो असा की हॉर्न एकाने वाजवायचा आणि थांबायचं सगळ्यांनी, मग वाजवणारा कोण ते बाकीच्यांना दिसलं तरच त्याच्यावर दबाव येणार ना.

पायरी ५: एकच गोष्ट बदला, आणि तुलनेला कोणीतरी ठेवा

इथे मी जो घोळ घातला तो सांगते, तुम्ही घालू नका.

आमच्या दोन विंग, ए आणि बी. मी ए विंगमध्ये प्रत्येक घराला सिंकखालच्या ट्रॉलीच्या दाराला आतून अडकेल असा छोटा झाकणाचा डबा दिला, आणि उत्साहाच्या भरात लिफ्टमध्ये "या विंगमधली बहुतेक घरं कचरा वेगळा करतात" अशी पाटीही लावली. बी विंगमध्ये काही नाही. आकडे सुधारले, मी खूश. सरांनी वही बघून तीन प्रश्न विचारले. डब्याने झालं की पाटीने? मला सांगता येईना. नंतरची मोजणी कुठल्या आठवड्यात केलीस? गणपतीच्या. अर्धी ए विंग कोकणात गेलेली, आणि जे होते त्यांची फुलं-पत्री निर्माल्याच्या कलशात जात होती, म्हणजे ओला कचरा असाही कमीच. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात वाईट, तुझ्याकडे घरं ४८ आहेत की विंग २? कारण मी उपाय विंगला दिला होता, घराला नाही, ए विंगमध्ये काहीतरी वेगळंच घडलं असेल (त्यांचा वॉचमन कडक आहे) तर ते डब्याच्या खात्यावर जमा झालं असतं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा मजल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, अर्ध्या मजल्यांना डबा, पाटी कोणालाच नाही, मोजणी दसरा-दिवाळीच्या आधी उरकून. तरी एका मजल्यावरच्या आजींनी वरच्या मजल्यावरच्या लेकीला स्वतःचा डबा देऊन टाकला. अशी गळती होतेच, ती लपवायची नसते, लिहायची असते. निकाल पहिल्यापेक्षा बराच लहान आला, पण निदान कशाने आला ते सांगता येत होतं.

आणखी एक, मोजायला लागण्याआधीच कागदावर लिहून ठेवा की मी काय मोजणार, कसं मोजणार आणि किती फरक पडला तर उपाय चालला म्हणणार. तारीख टाका. मोठे संशोधक हे ओपन सायन्स फ्रेमवर्क नावाच्या वेबसाइटवर नोंदवतात, तुम्ही स्वतःला ईमेल केला तरी चालेल. याने नंतर आकडे आपल्या बाजूला वळवायचा मोह आवरतो.

पायरी ६: स्वतःवर आणि पुस्तकांवर संशय घ्या

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, त्यातले साधारण ३६ टक्केच पुन्हा तसे निघाले. फॉर्मवर सही आधी करायला लावली की लोक जास्त प्रामाणिकपणे भरतात असा एक गाजलेला पेपर होता २०१२ चा, त्यातला डेटा बनावट निघाला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. विषय प्रामाणिकपणाचा, बरं का. शिवाय २०१० मध्ये हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मानसशास्त्राच्या प्रयोगांतली ९६ टक्के माणसं अशा देशांतली होती जिथे जगातले १२ टक्केच लोक राहतात. तेव्हा "संशोधन सांगतं की माणसं..." असं वाक्य आलं की विचारायचं, कुठली माणसं? नांदेडच्या बसस्टँडवर ते लागू पडेल का?

पायरी ७: परवानगी

कचरा म्हणजे घराची डायरीच. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप, बाटल्या, प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी, सगळं दिसतं. आम्ही सोसायटीकडून लेखी परवानगी घेतली, घरोघरी सांगितलं, नको म्हणणाऱ्या दोन घरांचे डबे उघडले नाहीत, वहीत फ्लॅट नंबरऐवजी कोड टाकले आणि ओल्या-सुक्याखेरीज एक अक्षर लिहिलं नाही. कॉलेजमधून करत असाल तर एथिक्स कमिटीकडून मंजुरी आधी घ्या, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात अशा सामाजिक-वर्तन संशोधनावरही लिहिलंय. आणि हे ज्ञान उलटंही वापरलं जातं हे ध्यानात असू द्या, ॲपवर "फक्त १ शिल्लक" दाखवून घाई करायला लावणारे पण हेच शिकून गेलेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची (डार्क पॅटर्न) यादी काढून त्यांना मनाई केली आहे, ती एकदा वाचाच, मागच्या वेळी आपण कुठे फसलो ते सापडतं.

आता कोर्स आणि नोकरी

मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, यातली कुठलीही पदवी चालते, संख्याशास्त्राशिवाय मात्र गाडी पुढे जात नाही. जामोवी आणि आर ही आकडेमोडीची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, जामोवीपासून सुरू करा. मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, मंक प्रयोगशाला ही मानसशास्त्र संशोधनाची संस्था आहे, मुंबईबाहेर अशोका विद्यापीठाचं सामाजिक व वर्तन बदलाचं केंद्र आहे, आणि गरिबीवरच्या उपायांची चाचणी घेणारी जे-पाल ही संस्था आहे. सुरुवातीचं काम बहुतेक वेळा फील्डवरचं असतं, सर्व्हे भरून घेणं, ऊन, एसटी, टॅबची बॅटरी. पुढे आरोग्य, बँका, ॲप बनवणाऱ्या कंपन्यांचं यूजर रिसर्च असं कुठेही जाता येतं.

मराठी चांगलं असणं इथे खरंच उपयोगी पडतं, कारण इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर कोणीतरी "काहीसे सहमत" असं करून ठेवतो आणि गावात ते वाचून दाखवलं की समोरच्या आजी म्हणतात, "बरं हाय की." आता हे उत्तर पाच पर्यायांपैकी कितव्या रकान्यात टाकायचं? आम्ही मग पाच पायऱ्यांची शिडी काढून न्यायचो आणि बोट ठेवायला सांगायचो, तेही आधी पावसाबद्दलच्या साध्या प्रश्नावर सराव करून.

इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलसोबत तुमची ती मोजणीची वही न्या, खाडाखोड असलेलीच. मी नेली होती. पॅनेलवरच्या एका मॅडमनी निकालाचं पान उघडलंसुद्धा नाही, दहा मिनिटं फक्त दुधाच्या पिशवीतल्या चोथ्याबद्दल विचारत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, नारळाच्या शेंडीचं काय ठरवलंत मग?